आवाजाचें धन आणि त्याचे राखणदार

देवगांव फाटा या नांवांतच रस्ता फुटल्याची खूण आहे. जेथें रस्ते फुटतात तेथें माणसें थांबतात, आणि जेथें माणसें थांबतात तेथें गाणें कानीं पडतें. मालमोटारी, टेंपो, चहाचीं दुकानें, लग्नाच्या वराती, प्रत्येकाजवळ गाणें वाजविण्याचें आपआपलें यंत्र आहे. शाळकरी मुलाच्या खिशांतही तें मोबाईलच्या रूपानें येऊन बसलें आहे. गाणें इतकें स्वस्त व मुबलक पूर्वीं कधींही नव्हतें. परंतु विचारी मनुष्यास येथें एक प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. या शेंकडों गाण्यांपैकीं सेलू तालुक्यांत, किंबहुना साऱ्या परभणी जिल्ह्यांत, गाइलेलीं, येथेंच मुद्रित झालेलीं आणि ज्यांचा मोबदला येथील गायकाच्या हातीं पडतो अशीं गाणीं किती? स्वतः कापूस व ज्वारी पिकवून जगास देणारा हा मुलूख गाण्याच्या बाबतींत मात्र केवळ गिऱ्हाईक होऊन राहिला आहे, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

या स्थितीवर उपाय काय, याविषयीं आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. ज्या गांवांत वाचनालय असावें, तालीमखाना असावा, त्याच न्यायानें प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक तरी लहान, स्वतंत्र व प्रामाणिक ध्वनिमुद्रणसंस्था असावी. अशा संस्थेस लोक ‘लेबल’ म्हणतात. तबकडीच्या मध्यभागीं जो गोल कागद चिकटविलेला असे, त्यावर गायकाचें, रागाचें व कंपनीचें नांव छापीत. त्या कागदावरून हा शब्द रूढ झाला. म्हणजे ‘लेबल’ ही वस्तुतः एक सही आहे. ‘हा आवाज आम्हीं निवडला, आम्हीं जपला, व याच्या बऱ्यावाईटाचें उत्तर आम्हीं देऊं,’ असा तिचा अर्थ आहे. ही सही करणारीं माणसें आपल्यांत निर्माण होत नाहींत, तोंवर आपला आवाज दुसऱ्याच्या मर्जीवर राहणार.

आवाज मुद्रित होणें न होणें ही केवढी मोठी गोष्ट आहे, हें एकाच उदाहरणानें कळून येईल. जयपूर घराण्याचे संस्थापक उस्ताद अल्लादियाखां यांनीं १९४६ सालीं मुंबईस देह ठेविला. ज्यांच्या गाण्याची थोरवी महाराष्ट्रांतल्या मोठमोठ्या गवयांनीं मान्य केली, त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आपणांजवळ नाहीं. उलटपक्षीं त्यांच्याच शिष्या, गोमंतकांतील केरी गांवच्या सूरश्री केसरबाई केरकर, यांचा ‘जात कहाँ हो’ हा भैरवीचा सूर तबकडीवर उतरला होता. म्हणून १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या दोन्ही ‘व्हॉयेजर’ यानांतील सुवर्णतबकडीवर तो घेतां आला, व आज तो सूर्यमालेच्या सीमा ओलांडून चालला आहे. गुरूचा आवाज घराच्या भिंतींत विरून गेला, शिष्येचा ताऱ्यांच्या वाटेस लागला. विद्येंत शिष्या गुरूहून थोर होती म्हणून हें झालें नाहीं. एकाचें गाणें मेणावर उतरलें नाहीं, दुसरीचें उतरलें, एवढाच काय तो भेद.

आतां हे आवाज उतरवून घेण्याची सत्ता कोणाच्या हातीं होती, तें पाहूं. हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरांत, कलकत्त्यास. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेस्बर्ग हा तज्ज्ञ आपलीं यंत्रें घेऊन आला, व गौहरजान यांच्यासारख्या नामांकित गायिकेनें कर्ण्यापुढें उभें राहून गाणें म्हटलें. १९०८ सालीं त्या कंपनीनें कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना काढला. तेव्हांपासून कित्येक दशकें या धंद्याच्या किल्ल्या बहुतेक एकाच कंपनीच्या कमरेला होत्या. कोणास गाऊं द्यावयाचें, किती वेळ गाऊं द्यावयाचें, हें तीच ठरवी. तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. म्हणून तासभर फुलणारा ख्याल चिमटींत बसविण्याची कला गवयांस शिकावी लागली. यंत्र हें केवळ गाणें साठवीत नाहीं, तें गाण्यास वळणही लावतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावी.

अशा वेळीं मुंबईस एका देशी संस्थेनें धैर्य केलें. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या नांवानें ती १९३५ सालीं उभी राहिली व ‘यंग इंडिया’ या छापाच्या तबकड्या काढूं लागली. गांधीजींचें त्याच नांवाचें साप्ताहिक ज्यांनीं वाचलें होतें, त्यांस हें नांव परकें वाटलें नसेल. त्या काळीं दुसऱ्याच्या कारखान्यांत तबकड्या करवून घेऊन वर आपलें नांव छापणारे छाप दुसरेही होते. ‘यंग इंडिया’चें वैशिष्ट्य हें कीं, तबकडी काढण्याचा कारखानाही तिनें आपला उभारला. सूत दुसऱ्याचें, माग दुसऱ्याचा आणि किनारीवर नांव तेवढें आपलें, असा हा प्रकार नव्हता. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर ही संस्था वीस वर्षें, म्हणजे १९५५ पर्यंत, टिकली. पुढें ती बंद पडली हें खरें. परंतु बंद पडलेली प्रत्येक गोष्ट अयशस्वी होती असें मानणें ही आळशी बुद्धीची खूण होय. वीस वर्षें अनेकांस गाण्यासाठीं दुसरें एक दार उघडें राहिलें, हें यश थोडें नव्हे. १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळानें अशा जुन्या तबकड्यांचा शोध व अभ्यास चालविला, म्हणून आज आपणांस त्यांची ओळख पटते.

पुढें कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं ती प्रथम बाजारांत आणिली. आपल्याकडे तिचा खरा प्रसार १९८० नंतर झाला. तबकडीचा कारखाना काढण्यास मोठें भांडवल लागे. कॅसेटीच्या नकला काढण्याचीं यंत्रें एका खोलींतही मावत. त्यामुळें एका कंपनीची सत्ता ढासळली व गल्लोगल्लीं नवे छाप निघाले. प्रल्हाद शिंदे यांचीं भक्तिगीतें व भीमगीतें मराठवाड्याच्या खेडोपाडीं पोंचलीं तीं या कॅसेटीच्याच पाठीवर बसून. शहरच्या शिष्ट समाजानें ज्यांस दारांत उभें केलें नसतें, अशा कंठांना कॅसेटीनें घरोघर पाट मांडून दिला. भांडवलाची भिंत खचली म्हणजे कोणकोणते आवाज बाहेर पडतात, याचा हा आपल्याच प्रांतांतला पुरावा आहे.

आजचा तरुण ज्यास इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतो, त्याकडे आतां वळूं. पालकवर्गास या शब्दाची थोडी धास्तीच वाटते. वस्तुतः त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. सतारींत तार कांपते, बांसरींत हवा कांपते, तसा येथें विजेचा प्रवाह कांपविला जातो व कर्ण्याचा पडदा हालवून त्याचा नाद केला जातो. रशियांतील थेरेमिन यानें १९२० च्या सुमारास असें वाद्य केलें. १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत रॉबर्ट मूग यानें त्यास पेटीसारखे सूर जोडले. आणि १९८२ सालीं मुंबईच्या चरणजितसिंग या वादकानें असें कांहीं केलें कीं, तें आपणां सर्वांस ठाऊक असावयास पाहिजे होतें.

चरणजितसिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे गृहस्थ. जपानच्या रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें त्यांनीं जुळविलीं: एक सुरांचें, एक तालाचें व एक मंद्र स्वरांचें. या तिसऱ्या यंत्रांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. इतरांस तो एक चमत्कारिक गुण वाटला. रागांत मुरलेल्या या कानाला मात्र तींत मींड सांपडली. त्यांनीं दहा राग त्या तालावर वाजवून एक तबकडी काढविली. ती खपली नाहीं. लोकांनीं ऐकली नाहीं, व ती विसरलीही गेली. पुढें पांच वर्षांनीं, १९८७ सालीं, अमेरिकेंतील शिकागो शहरच्या तरुणांनीं त्याच मंद्र यंत्रावर वाजविलेलें संगीत प्रसिद्ध झालें व त्याच्या नांवाचा जगभर डंका वाजला. २००२ सालीं हॉलंडमधील एदो बाउमन या संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानांत चरणजितसिंगांची ती जुनी तबकडी सांपडली. त्यानें मुंबईस येऊन त्यांना शोधून काढलें, व ‘बाँबे कनेक्शन’ या आपल्या लहानशा संस्थेमार्फत २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध केली. तेव्हां कोठें युरोपांतील सभागृहांतून त्यांना बोलावणीं आलीं. २०१५ सालीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

या हकीकतींत आनंद आहे तितकीच लाजही आहे. मूळ तबकडी एका मोठ्या कंपनीनें काढली होती. पण मोठ्या कंपनीचें लक्ष खपाकडे, आणि जें खपलें नाहीं तें तिच्या लेखीं संपलें. जपणूक केली ती दूरदेशच्या, हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्या माणसांच्या संस्थेनें. तो हॉलंडचा गृहस्थ त्या दुकानांत गेलाच नसता तर? आपल्या कर्तबगारीचा शोध लागण्यासाठीं आपण नेहमींच परक्या पाहुण्याची वाट पाहत बसावयाचें काय?

कोणी म्हणेल, असल्या लहान संस्था वाढतात तरी कशा? याचें उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड शहरीं सांपडतें. हें गांव पोलादाचें. कारखाने बसत चालले, तरुण रिकामे झाले. तेथें एका तबकड्यांच्या दुकानांत १९८९ सालीं तीन मित्रांनीं ‘वॉर्प’ नांवाचा छाप काढला. पहिल्या तबकडीच्या प्रती काढल्या त्या अवघ्या पांचशें. ज्यांनीं ती वाजविली होती त्यांनीं आपल्या मंडळीस नांव घेतलें होतें तें गांवच्याच पोलादाच्या कारखान्याचें. पुढल्याच वर्षीं शेजारच्या लीड्स गांवच्या पोरांची, ‘एलएफओ’ या नांवाची, त्यांची तबकडी इंग्लंडांतील सर्वाधिक खपणाऱ्या वीसांत जाऊन बसली. परंतु या एका यशानें ते भुलले नाहींत. नाचावयाच्या गाण्यांबरोबर बसून ऐकावयाचें संगीत त्यांनीं १९९२ पासून काढलें. २००४ सालीं इंटरनेटवर आपलें स्वतःचें दुकान मांडलें, म्हणजे गिऱ्हाइकापर्यंतचा रस्ताही आपल्याच हातीं ठेविला.

या वाढीचें मर्म नीट पाहिलें तर तें आपल्या चांगल्या शेतकऱ्याच्या वागणुकीहून वेगळें नाहीं. पांचशेंच प्रती काढल्या, कारण पेरणी ओलीप्रमाणें करावी. जें स्वतःस आवडलें व पटलें तेंच काढलें, कारण बियाणें निवडून घ्यावें. एका हंगामाच्या पैशानें वाडा बांधला नाहीं, पुढल्या हंगामाचें खत घेतलें. आणि माल विकण्यासाठीं कायम दुसऱ्याच्या अडत्यावर विसंबून राहिले नाहींत. भांडवल थोडें असतांही रुचि, सचोटी व धीर यांच्या बळावर संस्था वाढते. मुंबई-दिल्लीसही अलीकडे अशा छोट्या संस्था निघाल्या आहेत. दिल्लीच्या एका संस्थेनें तर ‘किल्ला’ असें देशी नांव घेतलें आहे. परभणीस तें अशक्य कां असावें?

येथें पालकांचे आक्षेप आम्हांस ऐकूं येतात, व ते टाळून पुढें जाणें योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा कीं, यंत्रानें केलेलें तें संगीतच नव्हे. यावर एवढेंच सांगतों कीं, हार्मोनियमविषयींही हेंच म्हटलें जात असे. ती परदेशची पेटी म्हणून आकाशवाणीनें १९४० सालीं तिला बंदी केली, व ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. पण मध्यंतरीं मराठी रंगभूमी पेटीवांचून राहिली काय? गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनीं त्या परक्या पेटीस मराठी करून सोडलें होतें. वाद्य परकें नसतें. त्यावर बसणाऱ्या हाताला सूर ठाऊक आहे किंवा नाहीं, एवढाच प्रश्न असतो. म्हणून संगणकावर गाणें जुळवूं इच्छिणाऱ्या मुलास आमचें सांगणें आहे कीं, आधीं गळ्यानें सात सूर लावावयास शिक, मग पाहिजे तितकीं बटणें दाब.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. मिरवणुकींत भिंतीएवढे कर्णे रचून जो छातींत धडकी भरविणारा प्रकार चालतो, त्याचें समर्थन आम्ही मुळींच करीत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वस्तीच्या जागीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत उघड्यावर कर्णे लावण्यास मनाई केली आहे. ते नियम पाळलेच पाहिजेत. परंतु मोठा आवाज हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा धर्म नव्हे. तो वाजविणाऱ्याचा अविचार आहे. चुलींतल्या जाळानें घर पेटलें म्हणून कोणी स्वयंपाक सोडीत नाहीं.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लहान ध्वनिमुद्रणसंस्थेवर लगेच संसार चालत नाहीं, हें आम्ही स्पष्ट कबूल करितों. म्हणून मुलांनीं शाळा सोडून यांत उडी घ्यावी असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. हिशेब, करारपत्र, विजेचें ज्ञान व शुद्ध भाषा या चारींवांचून अशी संस्था चालत नाहीं, व तीं चारही शाळेंतच मिळतात. अभ्यास हा या कामाचा शत्रु नसून पाया आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आपल्या जिल्ह्यांत मुद्रित करण्यासारखें आहे तरी काय, असें विचारणाऱ्यास आम्ही म्हणूं कीं, जरा घरांत पहा. जनाबाईचें गंगाखेड याच जिल्ह्यांत आहे. दळणकांडणाच्या कष्टांतून देवाशीं बोलणारी ती परंपरा तिच्याबरोबर संपली नाहीं. हेमा रायरकर व गी पॉइटवॅं या अभ्यासकांनीं १९८० नंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाच्या आसपास ओव्या जमविल्या. पुढें बर्नार बेल यांच्या साहाय्यानें त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या, व २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहांतून त्या कोणासही ऐकावयास मिळतात. त्यांत आपल्या परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या ओव्याही आहेत. ज्या आजीस घरांतील कोणी ‘पुन्हां म्हण’ असें म्हणालें नसेल, तिच्या दुःखाची ओवी अभ्यासकांनीं मान खालीं घालून टिपून घेतली. आतां तर घरोघर विजेची गिरणी झाली. जातें कोपऱ्यांत गेलें, आणि जात्याबरोबर गळाही मुका होत चालला आहे. ज्यांस या ओव्या पाठ आहेत त्या आजींचीं वयें झालीं. दहा वर्षांनीं जाग येऊन उपयोग नाहीं.

आणि येथेंच स्वतंत्र संस्थेची खरी कसोटी आहे. एखाद्या आजीची ओवी मोबाईलवर टिपावी, तिचा तुकडा तोडून खालीं ढोलाचा ठेका घालावा, व जगभर पसरवून पैसा करावा, हें आज कोणासही शक्य आहे. आजीस त्याचा पत्ताही लागणार नाहीं. याला कला म्हणावें कीं चोरी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें ध्वनिमुद्रित गीताच्या कवीस व संगीतकारास मोबदल्याचा समान वांटा दिला, व तो हक्क कंपनीस लिहून घेतां येणार नाहीं असें ठरविलें. गाणाऱ्याचा आपल्या गायनावरील हक्क पन्नास वर्षें राहतो, हेंही कायदा सांगतो. परंतु ज्यास कायदा ठाऊक नाहीं त्यास तो आंधळ्याच्या हातांतील आरशासारखा आहे. मोठ्या शहरांतील कंपनीच्या दारांत उभें राहून आपला वांटा मागण्याचें बळ खेड्यांतील म्हातारीस कोठून येणार? परंतु संस्था गांवचीच असेल, तिचा चालक रोज पारावरून जात-येत असेल, तर त्यास हिशेब चुकवितां येणार नाहीं. लहान संस्थेचा हा सर्वांत मोठा गुण आहे: तिला लाज वाटण्यासारखीं माणसें जवळ असतात.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, आमची सूचना अगदीं साधी आहे. येत्या सुट्टींत प्रत्येकानें आपल्या घरांतील किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसाचें गाणें टिपून घ्यावें. ओवी असो, भारूड असो, गोंधळ असो, पाळणा असो. टिपण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, व ती कशासाठीं हें समजावून सांगावें. पंखा बंद करावा, मोबाईल तोंडापासून हातभर दूर, स्थिर ठेवावा, आणि मध्यें बोलूं नये. नंतर एका वहींत गाणाऱ्याचें नांव, गांव, तारीख, गाणें कोणाकडून शिकलें, आणि तें बाहेर ऐकविण्यास त्यांची संमति आहे किंवा नाहीं, हें स्वच्छ अक्षरांत लिहावें. संमति नसेल तर तें गाणें कुटुंबापुरतेंच राहील. शाळेनें या वह्यांचा व ध्वनींचा संग्रह ग्रंथालयांत ठेवावा. पालकांस विनंति एवढीच कीं, या कामास ‘मोबाईलचा चाळा’ म्हणून हिणवूं नये. उलट तीं गाणीं मुलांबरोबर बसून ऐकावींत, व अडलेले शब्द त्यांस सांगावेत.

अशा शंभर नोंदी झाल्या म्हणजे संस्थेचें अर्धें काम झालें असें समजावें. मग ज्या मुलास सुरांचें अंग आहे तो तंबोरा जुळवील, ज्यास विजेच्या यंत्रांचा नाद आहे तो तीं यंत्रें जुळवील, ज्यास गणित येतें तो पै-पैचा हिशेब ठेवील, आणि ज्याचें अक्षर चांगलें तो वेष्टनावर गाणाऱ्या आजीचें नांव लिहील, सर्वांच्या वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत. पहिल्या प्रती पांचशें निघोत कीं पन्नास. त्या आपल्या असतील, व त्यांवरची सहीही आपली असेल.